कपाटातला सूक्ष्मदर्शक बाहेर काढा



मागच्या पावसाळ्यानंतर सोलापुरातल्याच एका वस्तीतल्या अभ्यासिकेत गेले होते. जयंतीच्या वर्गणीतून उरलेल्या पैशांत तिथल्या तरुणांनी मुलांसाठी सूक्ष्मदर्शक, म्हणजे मायक्रोस्कोप, घेतला होता. कुठे आहे म्हणून विचारले तर पोरे म्हणाली, "हाय की, कपाटात." किल्ली सापडायला अर्धा तास गेला. डोळा लावून पाहिले तर सगळे धुरकट, आणि त्यात कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे. भिंगाला बुरशी लागली होती. मोडेल या भीतीने कुणी हात लावला नव्हता. वापरून मोडला नाही, बंद ठेवून मात्र खराब झाला.

आरोग्याच्या पानावर हा विषय कशाला, असे कुणी विचारेल. आपली सावित्रीमाई १० मार्च १८९७ रोजी प्लेगच्या रुग्णांची सेवा करता करता गेली. त्या काळी लोक प्लेगला देवीचा कोप समजत. पण त्याच्या तीनच वर्षे आधी, १८९४ मध्ये, हाँगकाँगला येर्सिन नावाच्या डॉक्टराने प्लेगचा जंतू सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला होता. माई गेली त्याच वर्षी जानेवारीत डॉ. हाफकिन यांनी मुंबईत तयार केलेली प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली होती. रोगाचे कारण दिसले की कोपाची भीती सरते आणि उपाय सुरू होतो. हे आपल्या मुलांना स्वतःच्या डोळ्यांनी कळावे, म्हणून हे यंत्र.

कसे बघायचे

यात दोन ठिकाणी भिंगे असतात. डोळा लावतो ते वरचे आयपीस, बहुधा १० पट मोठे दाखवणारे. खाली फिरत्या चकतीवर ४, १० आणि ४० पटींची भिंगे असतात. दोन्हींचा गुणाकार करायचा. वर १० आणि खाली ४ असेल तर वस्तू ४० पट मोठी दिसते. वर १० आणि खाली ४० असेल तर ४०० पट. शिकणाऱ्याला एवढे भरपूर झाले. "१२०० पट" असे डब्यावर छापलेले प्लास्टिकचे खेळणे घेऊ नका. धातूचा सांगाडा आणि काचेची भिंगे असलेला शाळेसाठीचा साधा सूक्ष्मदर्शक घ्या.

सुरुवात कांद्यापासून करा. कांद्याच्या पाकळीच्या आतल्या बाजूचा पारदर्शक पापुद्रा काचपट्टीवर पसरा. वर पाण्याचा एक थेंब आणि टिंक्चर आयोडीनचा अगदी छोटा थेंब टाका. पातळ कव्हर काच एका कडेने तिरकी टेकवून हळूच खाली सोडा, नाहीतर हवेचे बुडबुडे अडकतात. काळ्या काठाचे गोल दिसले की पोरे "जंतू, जंतू" म्हणून ओरडतात. ते बुडबुडेच असतात.

आता सर्वांत लहान भिंग खाली आणा. फिरवताना चकती धरा, भिंग धरून ओढू नका. बाजूने बघत बघत भिंग काचेच्या जवळ न्या. मग डोळा लावा आणि मोठी चावी सावकाश फिरवत भिंग काचेपासून *दूर* न्या. चित्र स्पष्ट झाले की थांबा. डोळा लावून भिंग जवळ आणत गेलात तर काच फुटते आणि भिंगाला चरा पडतो. ४० पटींच्या भिंगावर फक्त छोटी चावी वापरायची. विटांच्या भिंतीसारखे चौकोन दिसतील. त्या कांद्याच्या पेशी.

आरशाचा सूक्ष्मदर्शक असेल तर आरसा उजेडाच्या खिडकीकडे वळवा, सूर्याकडे कधीही नको. थेट ऊन भिंगातून डोळ्यात गेले तर नजर कायमची जाऊ शकते.

बॅरलमधले पाणी

आपल्याकडे नळाला रोज पाणी येत नाही, म्हणून घराघरांत बॅरल आणि पिंपे भरलेली. एका घरी नातवाला डेंग्यू झाला होता. आजींना म्हटले, बॅरल बघू. त्या म्हणाल्या, "पाणी आरशावानी हाय की शिष्टर, किडं कुठनं येत्याल?" टॉर्च मारली तर अळ्या वळवळत होत्या. एक अळी चिमूटभर पाण्यासह काचपट्टीवर घेतली, कव्हर काच न ठेवता, आणि सर्वांत लहान भिंग लावले. अळी एवढी मोठी दिसते की एका नजरेत मावत नाही, सरकवत सरकवत बघावी लागते. डोके, अंगावरचे केस, आरपार दिसणारे आतडे आणि शेपटाकडची श्वासाची नळी. आजींनी एकदा बघितले, पदर खोचला आणि बॅरल आडवे केले.

डेंग्यूचा डास असाच साठवलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एकदा भांडे रिकामे करून आतून घासायचे, कारण अंडी कडेला चिकटून राहतात. वर घट्ट झाकण किंवा फडके बांधायचे.

निगा कशी राखायची

नर्सिंग शिकताना मी एकदा भिंग ॲप्रनच्या टोकाने पुसले. तंत्रज्ञ ओरडले, "सिस्टर, धूळ म्हणजे वाळू. काच घासताय तुम्ही!" तेव्हापासून पाळते ते सांगते.

- उचलताना एक हात मानेला, दुसरा बैठकीखाली.
- धूळ आधी रबरी फुग्याने उडवा. मग लेन्स पेपरने किंवा धुतलेल्या मऊ मलमलीने हलकेच पुसा. पदर, थुंकी, सॅनिटायझर नको.
- भिंगाला बोट लावू नका. बोटाच्या तेलकटपणावर बुरशी धरते. भिंगे खोलून बसू नका.
- काम झाले की काचपट्टी काढा, लहान भिंग खाली आणा, दिव्याची वायर काढा आणि वर कापडी झाकण घाला.
- आयपीस काढून ठेवू नका, नळीत धूळ जाते.
- पावसाळ्यात बंद कपाटात ठेवणार असाल तर बुटांच्या खोक्यात मिळतात तशा सिलिका जेलच्या पुड्या शेजारी ठेवा. त्याहून चांगला उपाय म्हणजे दर रविवारी बाहेर काढून वापरा.

एवढे मात्र करू नका

थुंकी, रक्त, लघवी अभ्यासिकेत तपासायची नाही. त्यातून रोग पसरतो. आणि क्षयाचे जंतू आपल्या यंत्रात ओळखताही येत नाहीत. रॉबर्ट कॉख यांनी १८८२ मध्ये जगाला दाखवलेला हा जंतू पाहायला खास रंग लावावा लागतो आणि तेल घालून १००० पट मोठे करावे लागते. तरीही थुंकीत जंतू थोडे असतील तर दिसत नाहीत. म्हणूनच आता सीबीनॅट नावाच्या मशीनवरही तपासणी होते.

विडी वळणाऱ्या माझ्या बहिणी म्हणतात, "तंबाखूचा खोकला हाय, जाईल." तो जाईल म्हणून वाट पाहण्यात महिने जातात, आणि तोवर घरातली लेकरेही आजारी पडतात. खोकला दोन आठवड्यांच्या वर गेला की सरकारी दवाखान्यात थुंकी द्या. तपासणी आणि औषधे दोन्ही मोफत आहेत. सकाळी उठल्यावर छातीतून काढलेला बेडका द्या, तोंडातली लाळ नको.

त्या अभ्यासिकेतल्या भिंगांची बुरशी जाणकाराकडून साफ करून घेतली. एका भिंगावर डाग राहिला आहे, बाकीची चालतात. आता किल्ली नववीतल्या एका मुलीकडे असते आणि वहीत कुणी काय पाहिले ते ती लिहून ठेवते. तुमच्या विहारात, अभ्यासिकेत असे यंत्र असेल तर या रविवारी बाहेर काढा. कांदा घरात आहेच.

जयभीम.