पडद्यासमोरचा व्यायाम : वजन उतरते की तोल सावरतो?

पावसाळा लागला की ज्येष्ठांच्या सकाळच्या फिरण्यात खंड पडतो. पदपथ निसरडे होतात, खड्डे पाण्याखाली जातात आणि ‘पाय घसरला तर?’ या धास्तीने छत्री खुंटीवरच राहते. जून ते सप्टेंबर हे चार महिने घरात बसून काढले की दसऱ्याला सदरा पोटावर घट्ट होतो आणि एक जिना चढतानाही धाप लागते. परदेशी मुलांकडे हिवाळा काढून येणाऱ्यांचीही हीच तऱ्हा; तेथे बर्फ आणि थंडी बाहेर पडू देत नाहीत. अशा वेळी घरातील तरुण मंडळी एक उपाय सुचवतात. टीव्हीसमोर उभे राहून खेळायचे व्यायामाचे व्हिडिओ गेम. नातवंडांचे यंत्र घरात असतेच. त्यावर आजी-आजोबांनी रोज अर्धा तास खेळावे आणि वजन उतरवावे, अशी ही कल्पना.

या खेळांनी खरोखर वजन उतरते का, हा प्रश्न दवाखान्यात आता वरचेवर विचारला जातो. त्याचे उत्तर एका शब्दात देता येत नाही, कारण प्रश्नातच दोन वेगळ्या गोष्टी एकत्र झालेल्या असतात. वजन उतरणे ही एक आणि शरीर धडधाकट होणे ही दुसरी. उतारवयात या दोहोंतील फरक ओळखणे फार महत्त्वाचे आहे.

हे खेळ आहेत तरी कसे?

साध्या व्हिडिओ गेममध्ये फक्त बोटे हलतात. या खेळांत अंग हलवावे लागते. जपानमधील कोनामी या कंपनीने 1998 मध्ये पायांखालच्या बाणांवर तालात पावले टाकण्याचा ‘डान्स डान्स रेव्होल्यूशन’ हा खेळ आणला. 2006 मध्ये निन्टेन्डोचे ‘वी’ हे यंत्र आले आणि हातातील छोटा रिमोट फिरवून घरातल्या घरात टेनिस, बॉलिंग खेळता येऊ लागले. पुढच्याच वर्षी जपानमध्ये आलेल्या ‘वी फिट’सोबत बॅलन्स बोर्ड नावाची फळी मिळे. तिच्यावर उभे राहिले की शरीराचा भार कोणत्या पायावर किती पडतो, हे पडद्यावर दिसे. 2010 मध्ये मायक्रोसॉफ्टचा ‘किनेक्ट’ कॅमेरा आला. हातात काहीही न धरता तो आपल्या हालचाली टिपे. 2019 मधील ‘रिंग फिट ॲडव्हेंचर’मध्ये हातात एक लवचीक कडे धरायचे असते आणि डाव्या मांडीला पट्टा बांधायचा असतो. कडे दाबले, ओढले, जागच्या जागी धावले की पडद्यावरचा गडी पुढे सरकतो.

यांपैकी काही यंत्रांचे उत्पादन आता थांबले आहे. जुनी यंत्रे मात्र अनेक घरांत अजून चालतात. आपल्या घरी यांतले काहीही नसेल तर मुद्दाम विकत घेण्याची गरज नाही. टीव्हीवर व्यायामाची चित्रफीत लावून तिच्याबरोबर हालचाली केल्या, तरी पुढील बहुतेक मजकूर आपल्याला लागू पडेल.

उष्मांकांचा हिशेब

आता वजनाकडे वळू. आपण स्वस्थ बसलेले असतानाही शरीर उष्मांक खर्च करतच असते. तासाला दर किलो वजनामागे साधारण एक उष्मांक, असे ढोबळ प्रमाण धरतात. एखाद्या कामाला याच्या तिप्पट किंवा अधिक खर्च येत असेल, तर त्या कामाला मध्यम श्रम म्हणतात. झपझप चालणे हे त्याचे नित्याचे उदाहरण.

जपानमधील संशोधकांनी ‘वी’वरील 68 निरनिराळ्या खेळप्रकारांत किती ऊर्जा खर्च होते, हे मोजून 2010 मध्ये प्रसिद्ध केले. त्यांतील 46 प्रकार हलक्या श्रमाचे निघाले, 22 मध्यम श्रमाचे. जोरकस श्रमाचा एकही नव्हता. म्हणजे दर तीन प्रकारांपैकी दोन झपझप चालण्याच्याही खालचे.

हा हिशेब आपल्यापुरता करून पाहा. आपले वजन 70 किलो आहे आणि आपण अर्धा तास मध्यम श्रमाचा खेळ खेळलात. खर्च झाले सुमारे 105 उष्मांक. पण तेवढा वेळ नुसते बसला असता तरी 35 खर्च झालेच असते. खेळामुळे झालेला जादा खर्च केवळ 70 उष्मांकांचा. खेळून झाल्यावर ‘आज पुष्कळ व्यायाम झाला’ म्हणून दोन चमचे साखरेचा, दुधाचा कपभर चहा आणि सोबत दोन बिस्किटे घेतली, की ते 70 भरून निघतात आणि वर काही शिल्लकही पडतात. शरीरातील एक किलो चरबीत साधारण 7,700 उष्मांक साठलेले असतात. रोज 70 या गतीने, एकही दिवस न चुकता आणि आहारात काहीही न वाढवता खेळले, तरी एक किलो उतरायला 110 दिवस लागतील.

हे वाचून निराश होऊ नका. यातून कळते ते इतकेच, की वजनाचा मुख्य व्यवहार स्वयंपाकघरात होतो. चहातील साखर, संध्याकाळचे फरसाण, टीव्ही पाहताना नकळत संपणारी शेव, रात्री उशिराचा भात, यांना आवर घातल्याशिवाय कोणताही खेळ वजन उतरवणार नाही.

मग खेळायचे कशासाठी?

जेवण कमी करून वजन उतरवले तर केवळ चरबीच जाते असे नाही. तिच्याबरोबर स्नायूही झडतात. तरुणपणी ही झीज भरून येते. साठीनंतर ती सहजी भरून येत नाही, कारण वयोमानाने स्नायू मुळातच क्षीण होत असतात. मांड्यांतील ताकद गेली की खुर्चीतून उठताना हातांचा आधार लागतो, पाऊल नीट उचलले जात नाही, उंबरठ्याला ठेच लागते आणि एके दिवशी तोल जातो. खुब्याचे हाड मोडलेल्या वृद्धाचे दुखणे आणि त्या घराची धावपळ ज्यांनी पाहिली आहे, त्यांना अधिक सांगायला नको. वजनकाट्यावर पाच किलो कमी दिसले, पण उठण्या-बसण्याची शक्ती गेली, तर हा सौदा तोट्याचाच.

म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेने 2020 च्या मार्गदर्शक सूचनांत 65 वर्षांपुढील व्यक्तींसाठी केवळ चालणे पुरेसे मानलेले नाही. आठवड्याला 150 ते 300 मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम, किमान दोन दिवस स्नायूंना बळकटी देणारा व्यायाम आणि किमान तीन दिवस तोल व ताकद यांवर भर देणाऱ्या विविध हालचाली, असे ते सूत्र आहे. आपल्याकडे पहिला भाग फिरण्याने पुष्कळसा साधतो. उरलेल्या दोन भागांकडे मात्र बहुतेकांचे दुर्लक्ष होते.

पडद्यासमोरच्या खेळांचा खरा उपयोग येथे आहे. बाजूला पाऊल टाकणे, शरीराचा भार एका पायावरून दुसऱ्या पायावर नेणे, गुडघे थोडे वाकवून पुन्हा उभे राहणे, हात डोक्यावर नेऊन वळणे. या हालचाली आपण एरवी मुद्दाम करत नाही. खेळात त्या हसतखेळत होतात. शिवाय ‘आजी, तुमची पाळी’ असे नातवाने म्हटले की कंटाळा दूर पळतो. व्यायामात खंड पडू न देणे, ही कोणत्याही वयातील सर्वांत अवघड गोष्ट. खेळाची गोडी ती सोपी करते. पक्षाघातानंतरच्या पुनर्वसनातही फिजिओथेरपिस्ट अशा खेळांचा पूरक म्हणून वापर करतात. पूरक हा शब्द लक्षात ठेवावा. नेहमीच्या उपचारांची जागा हे खेळ घेत नाहीत.

सुरुवात करण्यापूर्वी

हृदयविकार, अनियंत्रित रक्तदाब, वारंवार चक्कर, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया, गेल्या वर्षभरात एकदाही पडणे, फिट येण्याचा आजार किंवा पेसमेकर यांपैकी काही असेल, तर आधी आपल्या डॉक्टरांशी बोलावे.

मधुमेहासाठी इन्शुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेत असाल, तर उपाशीपोटी खेळू नये आणि साखर जवळ ठेवावी. अंगाला दरदरून घाम सुटला, हात थरथरू लागले, तर तो व्यायामाचा घाम समजून पुढे खेळत राहू नये. साखर घ्यावी आणि बसावे. मेटोप्रोलॉल, अटेनोलॉल यांसारख्या गोळ्यांमुळे नाडीची गती फारशी वाढत नाही. त्यामुळे यंत्र दाखवते त्या नाडीच्या आकड्यावरून श्रम ठरवू नयेत. त्यापेक्षा जुनी खूण बरी : खेळताना बोलता यावे, पण गाणे म्हणता येऊ नये, इतकीच धाप योग्य. छातीत दुखणे किंवा जडपणा, जबड्यात वा डाव्या हातात कळ, डोळ्यांपुढे अंधारी, यांपैकी काहीही जाणवल्यास खेळ तत्काळ थांबवावा आणि वैद्यकीय मदत घ्यावी.

घराची तयारीही तितकीच आवश्यक आहे. सतरंजी, पायपुसणे, वायरी आणि तिपाई बाजूला करा. ओल्या फरशीवर किंवा नुसते मोजे घालून खेळू नका. घट्ट बसणारे, न घसरणारे बूट घाला. एका बाजूला भक्कम, चाके नसलेली खुर्ची ठेवा, म्हणजे तोल गेल्यास हात टेकता येईल. बॅलन्स बोर्डसारख्या फळीवर चढता-उतरताना सुरुवातीला कोणीतरी शेजारी उभे असावे.

गुडघे दुखत असतील तर उड्या आणि खोल बैठका वगळाव्यात. ‘रिंग फिट’मध्ये खालच्या मजल्यावर आवाज जाऊ नये म्हणून धावण्याची हालचाल बंद करण्याची सोय आहे, पण तिच्यात धावण्याऐवजी वारंवार गुडघे वाकवावे लागतात. शेजाऱ्यांच्या सोयीची ही युक्ती दुखऱ्या गुडघ्यांना सोयीची असेलच असे नाही.

बेताने आणि नेमाने

पहिला आठवडा दिवसाला दहा मिनिटे पुरेत. पाच मिनिटे जागच्या जागी सावकाश चालून अंग मोकळे करावे, मग खेळावे, शेवटी पुन्हा दोन-तीन मिनिटे हळूहळू चालून थांबावे. दर आठवड्याला पाच मिनिटे वाढवत अर्ध्या तासापर्यंत जावे. आठवड्यातील तीन दिवस तोल आणि पावलांचे खेळ, दोन दिवस ताकदीचे, आणि उघडीप मिळाली की बाहेर फिरणे, अशी वाटणी चांगली.

खेळातील गुणांना मात्र भुलू नये. बॉलिंगच्या खेळात आरामखुर्चीत बसून केवळ मनगटाला झटका दिला तरी गुण मिळतात. त्याने मांड्यांना काहीच व्यायाम होत नाही. ज्यांना उभे राहताच येत नाही, त्यांनी अवश्य बसून खेळावे; हात, खांदे आणि मन यांना त्याचा लाभ होतो. ज्यांना उभे राहता येते, त्यांनी उभे राहूनच खेळावे.

जेवण कमी करताना प्रथिने कमी करू नयेत. वरण, उसळ, ताक, दही, चालत असल्यास अंडी आणि मासे, यांपैकी काही ना काही प्रत्येक जेवणात असावे. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी हे प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवावे.

प्रगती कशी मोजावी?

वजन आठवड्यातून एकदाच, सकाळी, त्याच काट्यावर करावे. कमरेचा घेर महिन्यातून एकदा मोजावा. भारतीयांमध्ये पुरुषांसाठी 90 आणि स्त्रियांसाठी 80 सेंटीमीटर ही मर्यादा मानली जाते. याहून अधिक बोलक्या अशा दोन चाचण्या घरी करता येतात. दोन्ही वेळी कोणीतरी जवळ असावे.

पहिली : भिंतीला टेकवलेल्या, हात नसलेल्या खुर्चीत बसून दोन्ही हात छातीवर घ्यावेत आणि 30 सेकंदांत किती वेळा पूर्ण उभे राहून बसता येते, ते मोजावे. अमेरिकेतील सीडीसी या आरोग्यसंस्थेच्या तक्त्यानुसार 70 ते 74 या वयात पुरुषांना 12 पेक्षा आणि स्त्रियांना 10 पेक्षा कमी वेळा जमले, तर पायांची ताकद अपेक्षेहून कमी समजतात. दुसरी : खुर्चीतून उठून तीन मीटर नेहमीच्या चालीने जावे, वळून यावे आणि बसावे. याला 12 सेकंद किंवा अधिक लागत असतील, तर पडण्याचा धोका आहे असे समजून डॉक्टरांना भेटावे. हे आकडे वहीत तारखेसह लिहून ठेवा. तीन महिन्यांत वजन दोनच किलो उतरले, पण खुर्चीतून आठऐवजी अकरा वेळा उठता येऊ लागले, तर आपला वेळ सत्कारणी लागला.

एक सावधगिरी. खाण्यात किंवा व्यायामात बदल न करताही सहा महिने ते वर्षभरात वजन पाच टक्के किंवा त्याहून अधिक घटले, म्हणजे 70 किलोंचे साडेसहासष्टच्या खाली आले, तर त्याचे श्रेय खेळाला देऊन आनंद मानू नये. त्यामागे आजार असू शकतो. तपासणी करून घ्यावी.

सांभाळ करणाऱ्यांसाठी

घरातील ज्येष्ठांना यंत्र लावून देऊन आपण दुसऱ्या खोलीत निघून गेलात, तर चार दिवसांत त्यावर धूळ बसेल. सोबत खेळा. रिमोटचा पट्टा त्यांच्या मनगटाला बांधून द्या, पडद्यावरील सूचना मराठीत समजावून सांगा, पहिले काही दिवस सर्वांत सोपी पातळी ठेवा. हरल्यावर थट्टा करू नका. उतारवयात अपमान चटकन लागतो आणि माणूस पुन्हा उभा राहायला तयार होत नाही. आपण स्वतः पन्नाशी-साठीचे असाल आणि दिवसभर दुसऱ्याचे करण्यात आपला व्यायाम राहून जात असेल, तर हा अर्धा तास आपल्यासाठीही आहे. रुग्णाला उचलण्या-बसवण्यासाठी आपल्या मांड्यांत आणि पाठीत ताकद हवी, ती याच वेळात कमावता येईल.

आणि पाऊस थांबला, रस्ते सुकले, की यंत्र बंद करून दोघांनी बाहेर पडावे. कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत स्वतःच्या पायांनी जाऊन, पिशवी घेऊन परत येता यावे, यासाठीच तर घरात ही तयारी करायची.