आवडलं वेगळं, पटलं वेगळं

मी एटापल्लीहून बोलते आहे. बचत गटांची समन्वयक म्हणून गावोगाव फिरते, तेव्हा माझी पिशवी रजिस्टरांनी भरलेली असते, हे तुम्हाला माहीतच आहे. आज मात्र हिशोब नाही, कर्जाचे हप्ते नाहीत. आज आपण पिक्चर आणि मालिकांवर बोलू.

बैठकीत सह्या-अंगठे झाले, पैसे मोजून झाले, की बाया लगेच उठत नाहीत. मग कोणीतरी काल टीव्हीवर काय पाहिलं ते काढते. मी विचारते, कसा वाटला पिक्चर? उत्तर ठरलेलं, "चांगला होता." अजून विचारलं तर, "आम्हाला काय कळते बाई, आम्ही काय शिकलेल्या आहोत का?" हे दुसरं वाक्य मला फार बोचतं. धानाचं बी हातात घेऊन उगवेल की नाही ते सांगणारी, मोहफूल किती वाळलं ते नुसत्या वासावरून ओळखणारी बाई अडीच तासांचा पिक्चर पाहते आणि म्हणते, मला काय कळते!

म्हणून एकदा आम्ही ठरवून एक पिक्चर सगळ्यांनी मिळून पाहिला, 'लापता लेडीज'. किरण राव या दिग्दर्शिकेचा हा पिक्चर मार्च 2024 मध्ये थेटरात आला होता. आमच्या गटातल्या बहुतेक जणींनी थेटर आतून पाहिलेलं नाही. एकीच्या मुलाने नेटवर्क होतं तेव्हा मोबाईलमध्ये उतरवून ठेवला होता. छोट्या पडद्याभोवती बारा बाया दाटीवाटीने बसलो. पिक्चर हिंदी. काही जणींना हिंदी नीट येत नाही, म्हणून एक ताई मधे मधे माडियात सांगत होती. ती सांगताना आपल्या मनाचंही घालत होती, हे मला नंतर कळलं. पडद्यावर पोलीस नुसता पान खात होता, तर हिने सांगितलं, "हा पैसे खाणार, पहा तुम्ही." मत द्यायला येत नाही म्हणणाऱ्यांतलीच ही एक!

गोष्ट थोडक्यात अशी. रेल्वेच्या डब्यात दोन-तीन नव्या नवऱ्या बसलेल्या, सगळ्यांच्या तोंडावर लांब घुंघट. रात्री घाईघाईत उतरताना एक नवरदेव दुसऱ्याच नवरीला घेऊन घरी जातो. त्याची खरी बायको, फूल, एका अनोळखी स्टेशनवर एकटी राहते. जी त्याच्या घरी पोचते ती जया. तिला शेतीचं शिक्षण घ्यायचं आहे, लग्न मनाविरुद्ध झालेलं आहे, म्हणून ती खोटं नाव सांगते. स्टेशनवर चहाची टपरी चालवणारी मंजू माई फूलला आसरा देते. हे काम आपल्या मराठीतल्या छाया कदम यांनी केलं आहे. 'सैराट' मध्येही त्या होत्या.

पिक्चर संपल्यावर मी विचारलं, आणि उत्तर पुन्हा तेच, "चांगला होता." मग मी प्रश्न बदलला. म्हटलं, आवडला ते कळलं, पण काय पटलं आणि काय नाही पटलं? तिथून गप्पांना तोंड फुटलं.

पहिल्यांदा एक आजी म्हणाल्या, आपल्यात कोणी घुंघट घेत नाही, त्यामुळे असा घोळ आपल्याकडे होणारच नाही, हे काही पटलं नाही. त्यावर आमच्यात बाहेरच्या जिल्ह्यातून लग्न होऊन आलेली एक सून हसली. ती म्हणाली, "फूलला सासरच्या गावाचं नाव सांगता येत नाही, हे तुम्हाला खोटं वाटते. मला इथे आणलं तेव्हा मलाही फक्त एसटी थांबते तिथल्या चौकाचं नाव माहीत होतं. पाकीट नाही, फोन नाही. मी हरवली असती तर मीही कोणाला काय सांगितलं असतं?" सगळ्या एकदम गप्प झाल्या. पिक्चर 2001 सालातला दाखवला आहे, आणि ही सून त्यानंतर बऱ्याच वर्षांनी आलेली.

सगळ्यात जास्त बोलणं झालं ते जेवणावरून. पिक्चरमध्ये जया एका भाजीची तारीफ करते, तेव्हा त्या घरातली सासू म्हणते की बाईच्या आवडीचं घरात कोण शिजवतं, तिला स्वतःला काय आवडतं तेच ती विसरली आहे. छोटासा प्रसंग आहे, दोन मिनिटांचा. मी सहज विचारलं, तुम्हाला काय आवडते? बारा जणींपैकी आठ जणींनी आधी नवऱ्याची किंवा पोरांची आवड सांगितली. पुन्हा विचारलं तेव्हा एक हळूच म्हणाली, वास्त्याची भाजी. दुसरी म्हणाली, लाल मुंग्यांची चटणी, पण घरातल्या पोरट्यांना आता लाज वाटते, म्हणून करत नाही. हेच त्या पिक्चरबद्दलचं मत झालं की नाही? "तो प्रसंग मला पटला, कारण माझ्या घरी तसंच आहे." मत म्हणजे दुसरं काही नसतं बाई. काय पाहिलं, ते पटलं की नाही, आणि का, एवढंच. त्यातलं 'का' आपल्या जगण्यातून येतं, त्याला डिग्री लागत नाही.

आवडणं आणि पटणं यांची गल्लत होते म्हणून आपण अडतो. गाणं छान, साड्या छान, नट देखणा, म्हणून पिक्चर आवडतो. पण त्यातली सून रोज मार खाऊन शेवटी पाया पडते, ते पटत नाही. दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं. आवडला म्हणून सगळं पटलंच पाहिजे असं नाही, आणि पटलं नाही म्हणून आवडल्याची लाजही बाळगायची नाही. मी स्वतः काही अशा मालिका पाहते की ज्यांतलं मला एक अक्षर पटत नाही. काय करू, संध्याकाळी भाकरी थापताना सोबत लागते.

झी मराठीवरची 'माझ्या नवऱ्याची बायको' आठवते ना? 2016 पासून 2021 पर्यंत चालली. नागपूरकडची राधिका, आपल्यासारखी बोलणारी. नवरा फसवतो, मग ती मसाल्याचा धंदा सुरू करते आणि बघता बघता कोट्यवधींची मालकीण होते. ती मालिका आमच्याकडे किती जणी पाहायच्या! तेव्हा आमच्या एका गटाने नुकताच तिखट-हळदीचा धंदा सुरू केला होता. त्यांच्या अध्यक्ष ताईचं मत मी आजही विसरले नाही. त्या म्हणाल्या, "राधिका आवडली. पण तिच्या दुकानात कोणी उधारी कशी मागत नाही? पावसात मिरची कधी काळी कशी पडत नाही? आणि पाकिटावर छापायला परवान्याचा नंबर लागतो, त्यासाठी ती एकदाही कुठे गेलेली दिसली नाही." शहरातल्या कोणत्या लेखकाला हे सुचलं असतं? ज्या बाईने मिरची वाळवली तीच हे सांगू शकते. मात्र त्याच ताईंनी पुढे हेही सांगितलं की राधिकामुळे त्यांच्या नवऱ्याने धंद्याला हसणं बंद केलं. धंद्याचं चित्र पटलं नाही, पण मालिकेचा उपयोग झाला.

आता थोडं आपल्यावर निघालेल्या पिक्चरबद्दल. आपल्या शेजारच्या भामरागड तालुक्यात हेमलकसा आहे. 1973 पासून तिथे लोकबिरादरी प्रकल्प चालतो. त्यावर 2014 साली 'डॉ. प्रकाश बाबा आमटे – द रिअल हीरो' हा पिक्चर आला, समृद्धी पोरे यांचा, नाना पाटेकर आणि सोनाली कुलकर्णी यांचा. 2017 साली 'न्यूटन' आला. छत्तीसगडच्या जंगलात 76 मतदारांसाठी मतदान केंद्र लावतात, त्याची गोष्ट. त्यात मलको नावाची तिथलीच शिक्षिका आहे, गावातले लोक आणि साहेब यांच्या मधे ती बोलते. हे काम अंजली पाटील यांनी केलं आहे.

हे दोन्ही पिक्चर पाहिलेल्या जणी आमच्यात आहेत. डॉक्टरांचा पिक्चर पाहून एक मावशी रडल्या. मंदाताईंना पाहून माहेरचं माणूस पाहिल्यासारखं वाटलं म्हणाल्या. पण त्याच म्हणाल्या, "दवाखान्यात आलेली बाई बरी होऊन गावी परत गेली, तिचं पुढे काय झालं ते कोणी दाखवलं नाही." आणि 'न्यूटन' बद्दल एका पोरीने सांगितलं, "मलकोचं नाव ध्यानात राहिलं. बाकी गावातल्या एकाही बाईचं नाव सांग म्हटलं तर मला येत नाही." मला स्वतःला 'न्यूटन' फार आवडतो, तरी हे ऐकून मी तो पुन्हा पाहिला. पोरीचं म्हणणं मला पटलं. बाहेरचे लोक आपल्यावर पिक्चर काढतात, त्यावर शहरातले लोक लिहितात आणि बक्षिसं मिळतात. पण ज्यांचं घर त्यात दिसलं, त्यांना कसं वाटलं हे विचारायला कोणी येत नाही. न विचारता सांगायची सवय आपल्यालाच लावावी लागेल.

तुम्ही म्हणाल, आपण सांगून कोण ऐकते? झाडीपट्टीतल्या नाटकवाल्यांना विचारा. वडसा म्हणजे देसाईगंजकडून मंडळ्या निघतात, दिवाळीनंतर गावोगावी शंकरपटाला, मंडईला रात्रभर नाटक होतं. प्रसंग आवडला तर शिट्ट्या, नाही आवडला तर लोक तिथल्या तिथे ओरडतात. गावकऱ्यांना नाटक पटलं नाही तर पुढच्या वर्षी गावातलं मंडळ दुसरी कंपनी बोलावतं. याच रंगभूमीवर आयुष्य काढलेल्या डॉ. परशुराम खुणे यांना 2023 मध्ये पद्मश्री मिळाली. तिथे प्रेक्षकाचं मत पहाटेपर्यंत नटाच्या कानावर पोचलेलं असतं.

टीव्हीचं तसं नाही. मालिका चालते की नाही हे टीआरपीवर ठरतं, आणि टीआरपी म्हणजे मत नव्हे. बार्क नावाची संस्था देशातल्या काही घरांत टीव्हीला मीटर लावते. देशात टीव्हीची घरं वीस कोटींच्या वर, आणि मीटर त्यातल्या फार थोड्या घरांतच. त्यावरून सगळ्यांचा अंदाज काढतात, भात शिजला का ते शितावरून पाहतो तसा. ते मीटर फक्त एवढं सांगतं की कोणतं चॅनल लागलं होतं आणि समोर घरातलं कोण बसलं होतं. तुम्ही मालिकेतल्या सासूला शिव्या देत पाहत होतात की डोळे पुसत, ते त्याला कळत नाही. शिव्या देत पाहिलं तरी "पाहिलं" असंच लिहिलं जातं. म्हणून आपलं मत मीटरवर सोडून चालत नाही, तोंडाने सांगावं लागतं. घरात सांगा, गटात सांगा, पोरांना तर नक्की सांगा. पिक्चरच्या सुरुवातीला प्रमाणपत्र दिसतं, त्यावर आता यूए 13+, यूए 16+ असं लिहिलेलं असतं. त्या वयाखालच्या मुलांना दाखवायचं की नाही, ते आईबापांनी ठरवायचं, असा त्याचा अर्थ. ठरवायचं तर आधी आपल्याला मत पाहिजे.

'लापता लेडीज' ची एक गोष्ट सांगायची राहिली. त्या दिवशी जयावरून आमच्यात भांडणच झालं. आजी म्हणाल्या, पोरगी आवडली, पण खोटं नाव सांगून परक्या घरात राहिली हे पटलं नाही. तीन-चार जणींनी मान हलवली. आमच्यातली एक ताई मात्र काहीच बोलली नाही. तिची मुलगी बारावी झाली आहे, नर्सिंगचा फॉर्म भरायचं म्हणते, आणि त्याच आठवड्यात घरी स्थळ आलं होतं. हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं, म्हणून कोणी तिला विचारलंही नाही.

पुढच्या महिन्यात बैठक झाली, बचत जमा झाली. मी रजिस्टर मिटत होते, तेव्हा ती ताई म्हणाली, "त्या दिवशीचं आजींचं बोलणं मला पटलं नाही. ती पोरगी खोटं बोलली, कारण खरं बोलली तेव्हा घरातल्या कोणी ऐकलं नाही." एवढं बोलून तिने पदराच्या गाठीतून घडी केलेला कागद काढला. मुलीच्या फीसाठी गटातून अंतर्गत कर्जाचा अर्ज होता, तिच्याच हाताने लिहिलेला. आजींनी तो मागून घेतला आणि चष्मा लावून सगळा वाचला. कर्ज मंजूर करायचं की नाही ते बुधवारच्या बैठकीत ठरणार आहे, आणि तिने आधी तो पिक्चर पुन्हा एकदा लावायला सांगितला आहे. या वेळी मुलीला सोबत घेऊन येते म्हणाली, आणि जमलं तर नवऱ्यालाही.