पंजीची जोडी, पहिली जागा

परवा पणजीत, मांडवीवरच्या कॅसिनोत, शेजारच्याने पहिल्याच जागेवरून पंजीच्या जोडीवर मोठी रेझ केली. तिघांनी कॉल केला. फ्लॉपवर राजा-राणी आली, तरी तो बेट करतच राहिला आणि सगळं घालवून बसला.

दुर्री ते छक्कीच्या जोड्यांचं खरं मोल तिसरं पान लागण्यात आहे. फ्लॉपवर ते लागतं जेमतेम १२ टक्के वेळा, साधारण साडेआठ हातांत एकदा.

म्हणून आधी स्टॅक बघा. कॉलच्या निदान १५-२० पट पैसे तुमच्याकडेही हवेत आणि समोरच्याकडेही. नाहीतर लागलेला सेटसुद्धा मागचा खर्च भरून काढत नाही.

पहिल्या जागेची अडचण वेगळी: नऊ जणांच्या टेबलावर आठ जण तुमच्यामागे बोलणार असतात. टेबल शांत असेल तर मी नुसता लिंप करतो. सतत री-रेझ होत असेल, तर चौकीपर्यंतच्या जोड्या सरळ फोल्ड. (पुस्तकी खेळाडूंना लिंप पटत नाही, पण छोट्या स्टेकच्या लाइव्ह टेबलावर तो चालतो.)

सेट लागला नाही आणि समोर तीन जण असतील, तर ब्लफ नको. लागला, तर लपवू नका, बेट करा. इथे लोक एका जोडीवरही कॉल करतात.

तुमच्या टेबलावर स्टॅक किती खोल असतात? कमेंटमध्ये सांगा, शंकाही विचारा.