मासे जगवायचे तर आधी जिवाणू जगवा

आमच्या वस्तीतील विहाराच्या अभ्यासिकेत माशांची मोठी टाकी आहे. ४ फूट लांब, २ फूट रुंद, २ फूट उंच. वर थोडी जागा सोडली तरी ४०० लिटर पाणी मावते. वर्गणीतून ती आली आणि पहिले दोन महिने मासे मरतच राहिले. पाणी तर काचेसारखे स्वच्छ! कुणी म्हणाले, दृष्ट लागली. दुकानदाराने निळ्या औषधाच्या बाटल्या विकल्या आणि दर रविवारी सगळे पाणी उपसून टाकी घासायला सांगितली. मुले इमानाने घासत. मंगळवारी पुन्हा दोन-तीन मासे पोट वर करून तरंगत. टाकी विकून टाकावी असे मंडळात ठरतच आले होते, तेव्हा नववीतल्या एका मुलीने विचारले, "जीव असे मरू देणे पहिल्या शीलात बसते का?"

उत्तर मिळाले ते अमोनिया तपासण्याच्या छोट्या बाटलीतून. काचनळीत टाकीचे पाणी घेऊन थेंब टाकले, तर पिवळे राहायला हवे ते पाणी हिरवे झाले. माशांच्या कल्ल्यांतून, विष्ठेतून, उरलेल्या खाण्यातून अमोनिया होतो आणि तो डोळ्यांना दिसत नाही. एका प्रकारचे जिवाणू त्याचे नायट्राइट करतात, तेही विषारीच. दुसरे जिवाणू नायट्राइटचे नायट्रेट करतात. ते माशांना बरेच सोसते. १८९० च्या सुमारास सर्गेई विनोग्राद्स्की या रशियन शास्त्रज्ञाने हे जिवाणू वेगळे करून दाखवले. रविवारच्या घासण्यात नेमके तेच धुऊन जात होते. ऐकीव गोष्टीवर विसंबू नका, हे कालाम सुत्ताच्या आधारे आम्ही मुलांना नेहमी सांगतो; या वेळी ते त्यांनी नळीत पाहिले.

फिल्टरला आपण गाळणी समजतो. खरे तर ती जिवाणूंची वसाहत. ती घरीच उभारता येते. खाण्याच्या जिनसांसाठी वापरलेला ५० लिटरचा प्लॅस्टिकचा ड्रम घेतला (रसायनाचा मुळीच नको) आणि टाकीपेक्षा उंच अशा वेगळ्या लोखंडी स्टँडवर ठेवला. वस्तीतल्या प्लंबर बांधवाने तळाशी दीड इंची टँक निपल बसवले. तळात पाइपच्या तुकड्यांवर भोकांची प्लॅस्टिक चाळण, तिच्यावर फुटक्या कौलांचे व कुंड्यांचे सुपारीएवढे तुकडे, मग भांडी घासायच्या प्लॅस्टिकच्या नव्या घासण्या, सर्वांत वर धुतलेला फोम. संगमरवराचे तुकडे टाळावेत, त्यातल्या चुन्याने पाणी जड होते. टाकीतला पंप पाणी वर चढवतो, ते फोमवर शिंपडले जाऊन थराथरांतून झिरपते आणि टाकीत परत येते. झिरपताना हवा मिळते, ती जिवाणूंना फार लागते. वीज गेली तर ड्रममधले थोडे पाणी टाकीत उतरते, त्यासाठीच वर जागा सोडायची. फोम तुंबला तर पाणी जमिनीवर सांडू नये म्हणून ड्रमच्या तोंडाखाली दुसरे भोक पाडून त्याचाही पाइप टाकीत सोडला आहे.

पंपाच्या खोक्यावर तासाला ३००० लिटर लिहिले होते. पण उंची चढताना पाणी घटते. मुलांनी बादली आणि घड्याळ घेऊन मोजले: २० लिटरची बादली ४० सेकंदांत, म्हणजे तासाला १८०० लिटर. टाकी तासाला चार-साडेचार वेळा फिरली, एवढे पुरे. पंपासह सारा खर्च अडीच हजारांच्या आत बसला.

खरी कसोटी पुढची. वसाहत वसायला चार ते सहा आठवडे लागतात. तोवर मोजकेच मासे, चिमूटभर खाणे आणि एक दिवसाआड तपासणी. मुलांनी तक्ता भिंतीवर लावला. आधी अमोनिया चढला, मग तो उतरता उतरता नायट्राइट चढले. अशा दिवशी थोडे पाणी बदलायचे. पाचव्या आठवड्यात दोन्ही शून्यावर आले. शेवटचा मासा मेला तो त्याआधी.

फोम नळाखाली धुऊ नये, क्लोरीनने जिवाणू मरतात. टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळावा. पंप रात्री बंद करू नये. हात घालण्यापूर्वी मात्र बटण बंद हवेच, आणि वायरला खाली झोळ द्यावा, म्हणजे ओघळ सॉकेटपर्यंत जाणार नाही. दर आठवड्याला चौथा हिस्सा पाणी बदलतो. नळाचे पाणी आधी दिवसभर उघड्या पिंपात ठेवतो, तेवढ्यात साधे क्लोरीन उडून जाते. काढलेले पाणी आवारातल्या बोधिवृक्षाला घालतो; त्यातले नायट्रेट झाडाला खतच.

मोजमापांचा कागद अभ्यासिकेत लावला आहे. रविवारी वंदनेनंतर मुले तिथे असतात. कुणाच्या घरी टाकी असेल तर तिचे पाणी स्वच्छ बाटलीत घेऊन यावे, ती तपासून देतील.