पडद्यावर चित्र का उमटत नाही?

संगणकावरील चित्र तारेवाचून टीव्हीच्या पडद्यावर आणण्याची सोय आता ठाण्यापासून कल्याण-डोंबिवलीपर्यंत पुष्कळ घरांत व शाळांत झाली आहे. भूगोलाचा नकाशा असो वा परदेशी गेलेल्या मुलाचा चेहरा असो, सर्व मंडळींस तो एकाच वेळी पाहावयास मिळतो. परंतु ऐन वेळी पडदा काळाच राहिला म्हणजे मोठी पंचाईत होते. पस्तीस मिनिटांच्या तासातील दहा मिनिटे यंत्राची मनधरणी करण्यात गेली, तर साऱ्या वर्गाचा धडा अपुरा राहतो. घरी असे दोन-चार वेळा घडले की, टीव्ही बिघडला असे ठरवून मंडळी नवा आणावयास निघतात. वास्तविक पुष्कळदा दोन्ही यंत्रे धडधाकट असतात. त्यांस जोडणारा दुवा तेवढा निसटलेला असतो. तो क्रमाने कसा शोधावा, हे आमच्या विद्यार्थी मित्रांस सांगावे, एवढाच ह्या लेखाचा हेतू आहे.

प्रथम हे चित्र जाते कसे ते पाहू. संगणक आपल्या पडद्यावरील चित्र दर सेकंदास अनेक वेळा टिपतो, त्याची घडी घालून ते लहान करतो आणि रेडिओ-लहरींवरून धाडतो. टीव्ही ती घडी उलगडून दाखवितो. ह्या प्रवासाचे मुख्य मार्ग दोन. पहिल्याचे नाव मिराकास्ट. वाय-फाय अलायन्स ह्या संस्थेने तो २०१२ साली पुढे आणला व २०१३ च्या विंडोज ८.१ पासून तो विंडोजमध्ये अंतर्भूत झाला. ह्यात संगणक व टीव्ही बहुधा परस्परांशी थेट बोलतात. मध्ये राउटर नसला तरी चालते. दुसरा मार्ग ॲपलच्या एअरप्ले व गूगलच्या क्रोमकास्ट ह्यांचा. ह्यात सामान्यतः दोन्ही यंत्रे एकाच वाय-फाय जाळ्यात असावी लागतात. आपण कोणत्या मार्गाने निघालो आहो, हे न पाहता दोष शोधू लागणे म्हणजे अंधारात चाचपडणे होय.

दुसऱ्या मार्गातील नेहमीचा दोष समजण्यास आपले कल्याण स्थानक उपयोगी पडेल. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदराहून पहिली गाडी ठाण्यास आली आणि १८५४ च्या मे महिन्यात लोहमार्ग कल्याणास पोहोचला. कल्याणास तो दुभागतो. एक फाटा कसाऱ्याकडे जातो, दुसरा कर्जतकडे. एका मित्राने कसाऱ्याची गाडी धरली व दुसऱ्याने कर्जतची, तर दोन्ही गाड्या उत्तम धावूनही त्या मित्रांची गाठ पडणार नाही. पावसाळ्यात वीज जाऊन आली म्हणजे घरोघरी नेमके हेच होते. राउटर जागा होण्यास काही मिनिटे लागतात. तेवढ्यात लॅपटॉप मोबाइलच्या हॉटस्पॉटला जोडला जातो, आणि टीव्ही मात्र घरच्या जाळ्यात परततो. दोहोंवर इंटरनेट चालू असते, म्हणून शंका येत नाही. तेव्हा दोन्ही यंत्रांवरील वाय-फायचे नाव अक्षरशः जुळते काय, हे आधी पाहावे. पाहुण्यांसाठी ठेवलेल्या निराळ्या जाळ्यात तर पुष्कळ राउटर एका यंत्रास दुसरे दिसूच देत नाहीत. विंडोजमध्ये ते जाळे 'सार्वजनिक' म्हणून नोंदलेले असले, अथवा व्हीपीएन चालू असले, तरीही अशीच अडचण येऊ शकते.

मिराकास्टची तपासणी टीव्हीपासून आरंभावी. पुष्कळ टीव्हींवर स्क्रीन मिररिंगचा पर्याय स्वतः उघडावा लागतो. जोडणीच्या वेळी परवानगीचा प्रश्न क्षणभर पडद्यावर येतो. पूर्वी कोणी त्यास नकार दिला असेल, तर तो नकार यादीतून काढून टाकावा. मग संगणकावर विंडोजची कळ दाबून धरून 'के' दाबावी, म्हणजे जवळच्या पडद्यांची यादी उघडते. संगणकाचे वाय-फाय बंद असेल, किंवा टेबलावरील जुन्या संगणकात ते मुळीच नसेल, तर येथेच उलगडा होतो. यादीत टीव्हीचे नाव असून जोडणी होत नसल्यास जुनी जोडणी पुसावी व दोन्ही यंत्रे पुन्हा सुरू करावी. टीव्ही भिंतीवरील बटणानेच बंद करावा, कारण रिमोटने तो बहुधा नुसता झोपतो. एवढ्यानेही न भागल्यास वाय-फायचे व चित्राचे ड्रायव्हर अद्ययावत करावे.

चित्र येते, पण अडखळते, ही तक्रार निराळी. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात परस्परांस न अडविणाऱ्या वाहिन्या जेमतेम तीन मावतात. डोंबिवलीसारख्या दाट वस्तीत इमारतीस इमारत लागून असते. घरोघरचे राउटर, ब्लूटूथ व मायक्रोवेव्ह शेगडी ह्याच पट्ट्यात गर्दी करतात, आणि सकाळच्या फलाटावरील उतारूंप्रमाणे लहरींची कोंडी होते. ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात जागा पुष्कळ. मात्र त्या लहरी काँक्रीटच्या भिंतीपुढे लवकर दमतात. म्हणून तो पट्टा निवडून राउटर टीव्हीच्या खोलीतच ठेवणे उत्तम.

दोन गोष्टी दोषासारख्या भासतात, परंतु दोष नव्हेत. चित्र टीव्हीवर व आवाज लॅपटॉपमध्ये, असे झाल्यास आवाजाच्या यादीतून टीव्ही निवडला की पुरे. तसेच, बाकी सर्व दिसून एखादा चित्रपटच काळा दिसला, तर ती बहुधा नक्कल रोखण्याची व्यवस्था असते. तो टीव्हीवरील ॲपमधूनच पाहावा.

ह्या साऱ्या उपायांहून महत्त्वाचा एक नियम आहे: एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि परिणाम पाहावा. चार बटणे एकदम दाबून चित्र आले, तर कोणत्या बटणाने आले हे कळत नाही, व पुढल्या खेपेस तीच फजिती होते. दुसरा लॅपटॉप त्याच टीव्हीस जोडून पाहावा. तो जुळला तर टीव्ही निर्दोष ठरला. एचडीएमआयची तार लावून चित्र उमटले, तर पडदाही शाबूत आहे हे सिद्ध झाले. अशी एक तार वर्गाच्या कपाटात सदैव असावी. तिच्या योगे धडा पुरा करावा आणि शोध सावकाश, तास संपल्यावर करावा. नाडी पाहिल्यावाचून वैद्य औषध देत नाही. मग दुवा तपासल्यावाचून नव्या टीव्हीसाठी पैसे का मोजावे?