खटक्याच्या आतली स्प्रिंग

भिंतीवरचं बटण दाबल्यावर येणारा ‘खट्’ आवाज आतल्या स्प्रिंगचा असतो. बोट सावकाश दाबा की झटक्यात, स्प्रिंग एका टप्प्यापर्यंत ताण धरते आणि मग संपर्काची पट्टी एकदम उडवते. इंग्लंडमधल्या न्यूकॅसलच्या जॉन हेन्री होम्स यांनी १८८४ साली हे साधलं. पट्टी हळू सुटली तर ठिणगी रेंगाळते आणि धातू जाळते. होम्स यांनी जोडण्या-तोडण्याचा वेग माणसाच्या बोटावर सोडलाच नाही. घरातल्या इतक्या छोट्या वस्तूत इतकी नेमकी बुद्धी क्वचितच दिसते.

आपल्याकडची वीज २३० व्होल्टची. तिचा प्रवाह सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो, त्यामुळे ठिणगी लवकर विझते. तरी प्रत्येक वेळी संपर्काचा कणभर धातू जळतोच. पंख्याच्या गुंडाळीमुळे ठिणगी अधिक जोरात उडते. वर्षानुवर्षं असं झालं की बटण चरचरतं, अडकतं किंवा दोनदा दाबल्याशिवाय लागत नाही. जुन्या गोल बटणाचं झाकण फिरवून काढता यायचं आणि आतली पितळी पट्टी पॉलिश पेपरने घासता यायची. आजचं बटण उघडून बसू नये, सरळ नवं लावावं. दिव्या-पंख्याला ६ अँपिअरचं पुरतं. दोन हजार वॉटचा गीझर मात्र जवळपास ९ अँपिअर ओढतो, त्याला १६ अँपिअरचंच हवं.

पण बटण बदलण्याआधी त्याची पाठ बघा. पुष्कळदा दोष बटणात नसतोच, स्क्रू सैल झालेला असतो. सैल जोडाला विरोध जास्त, म्हणून तो तापतो. तापून आणखी सैल होतो, प्लॅस्टिक पिवळं पडतं, जळका वास येतो. आणि हे सगळं चालू असताना एमसीबी पडत नाही, कारण प्रवाह वाढलेलाच नसतो. म्हणून जळका वास आला की त्याच दिवशी बोर्ड उघडायला हवा. काळी पडलेली तार तशीच पुन्हा कसू नये. चकचकीत तांबं लागेपर्यंत ती मागे कापायची.

उघडण्याआधी मेन स्विच बंद करायचा, आणि घरात इन्व्हर्टर असेल तर तोही. हे विसरणं फार धोक्याचं, कारण मेन बंद असतानाही इन्व्हर्टर त्या बोर्डाला वीज देत राहतो. टेस्टर आधी चालू असलेल्या दुसऱ्या ठिकाणी लावून पाहावा, तो पेटतो याची खात्री झाली की मगच या तारांना लावावा. मोबाइलवर जोडणीचा फोटो काढून ठेवावा. एका बटणावरून पुढच्या बटणाला फेजचं लूपिंग गेलेलं असतं. ते सुटलं तर पुढची बटणं मुकी होतात. आणि बटण नेहमी फेजमध्येच हवं. न्यूट्रलमध्ये असेल तर दिवा विझतो, पण होल्डरमध्ये वीज तशीच उभी राहते. अशा जागी एलईडी बल्ब बंद करूनही मंद मिणमिणत राहू शकतो. तसं दिसलं तर वायरमनला बोलवावं, आणि ओल आलेल्या भिंतीतल्या बोर्डासाठीही.

नवं बटण बसवताना स्क्रूखाली तांबंच जाऊ द्यायचं, वेष्टण नाही. बाहेर उघडी तार दिसता कामा नये. कसून झाल्यावर, मेन चालू करण्याआधी, प्रत्येक तार बोटांनी हलकेच ओढून पाहायची. जी हलेल ती पुन्हा कसायची.