आधी ओळख, मग आंघोळ : विहिरीच्या ढिगातील स्फटिक

इंदापूर-बारामतीच्या शिवारात विहिरीच्या काठी पडलेला दगडांचा ढीग कोणाला नवा नाही. विहीर खोल नेताना कधी अखंड काळा पाषाण लागतो, तर कधी पांढऱ्या ठिपक्यांचा, काहीसा ठिसूळ खडक. या दुसऱ्याला विहीर खणणारे ‘मांजऱ्या’ म्हणतात. त्याच्या पोकळ्यांत चमकणारे खडे सापडले, की त्या सगळ्यांना आपण ‘गारगोटी’ म्हणून मोकळे होतो आणि घरी नेऊन फरशीच्या अ‍ॅसिडने धुतो. पुष्कळ सुंदर स्फटिक तिथेच नासतात. ते कसे टळेल, हे सांगण्यासाठी हा लेख.

कऱ्हा, नीरा आणि भीमा या नद्यांचा हा मुलूख दख्खनच्या लाव्ह्यावर वसला आहे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थरांवर थर पसरले. लाव्हा थिजताना त्यातील वायूंचे बुडबुडे अडकून पोकळ्या राहिल्या. पुढे खडकातून झिरपणाऱ्या, क्षारयुक्त कोमट-गरम पाण्याने त्या पोकळ्यांत सावकाश स्फटिक घडवले. त्यातले बरेचसे ‘झिओलाइट’ गटाचे. १७५६ मध्ये स्वीडनच्या क्रोनस्टेट यांनी असा खडा ज्योतीवर तापवला, तेव्हा तो फसफसून फुगला. म्हणून त्यांनी ग्रीक शब्दांवरून नाव दिले ‘झिओलाइट’, म्हणजे उकळणारा दगड. या खड्यांच्या अंगातच पाणी असते. साफसफाईचे निम्मे नियम या एका गोष्टीतून निघतात.

ओळखीसाठी प्रयोगशाळा लागत नाही. चाकू, भिंग आणि व्हिनेगरचा थेंब पुरतो. चाचणी मात्र नेहमी तुटक्या कडेवर किंवा मागच्या बाजूला करावी. चाकूने ओरखडा उठत नाही आणि काचेवर मात्र खडा रेघ ओढतो, तर ती खरी गारगोटी, म्हणजे क्वार्ट्झ, काठिण्य ७. व्हिनेगरच्या थेंबाने बारीक बुडबुडे आले, चाकूने सहज ओरखडा उठला, तर कॅल्साइट, काठिण्य ३. ज्वारीची पेंढी मधोमध बांधावी तसा आकार आणि मोत्यासारखी झाक असेल, तर बहुधा स्टिल्बाइट. टोकदार किंवा चौकोनी, काचेसारखा स्वच्छ आणि माथ्यावर मोत्याची चमक असेल, तर अपोफिलाइट. हा झिओलाइटांच्या संगतीत सापडतो, पण त्या गटातला नाही. सुयांचे झुबके असतील, तर स्कोलेसाइट, मेसोलाइट की नॅट्रोलाइट, हे नुसत्या डोळ्यांनी ठरवू नये; त्यासाठी क्ष-किरण तपासणी लागते.

आता आंघोळ. पहिला उपाय साधे पाणी. खडा दोन-तीन दिवस भिजत ठेवावा, पाणी बदलत राहावे. चिकटलेली माती आपोआप सुटते. मग मऊ टूथब्रश आणि खाचांसाठी बांबूची काडी. सुयांच्या झुबक्यांना ब्रश लावूच नये. एक सुई मोडली की ती परत येत नाही. गरम पाणी वर्ज्य, कारण अपोफिलाइट एका दिशेने सहज चिरफाळतो. चूल, ओव्हन किंवा वैशाखातले ऊनही नको. सावलीत सुकू द्यावे.

फरशीच्या अ‍ॅसिडमध्ये हायड्रोक्लोरिक आम्ल असते. ते कॅल्साइट विरघळवते, आणि स्कोलेसाइट, नॅट्रोलाइट यांसारख्या झिओलाइटांचा त्यात चिकट लगदा होतो. गारगोटीवरचे तांबूस लोहडाग काढायला ऑक्झॅलिक आम्ल चालते, पण ते विषारी आहे. हातमोजे घालून, मोकळ्या हवेत, स्वयंपाकाच्या भांड्यांपासून आणि मुलांपासून दूर वापरावे. नंतर खडा अनेक पाण्यांत भिजवावा. खड्यावर कॅल्साइट असेल तर हेही नको, त्यावर पांढरी पुटी चढते. हिरवट लेप दिसला तर तो घाण समजून खरवडू नये. तो बहुधा सेलॅडोनाइट, म्हणजे त्या पोकळीच्या इतिहासाचे एक पान असते.

आणि शेवटचे काम, जे सर्वात जास्त राहून जाते : चिठ्ठी. गाव, विहीर की खाण, किती फुटांवर, कोणत्या खडकात, कोणत्या तारखेला. पुण्याजवळच्या वाघोलीचे निळे कॅव्हन्साइट जगभरच्या संग्रहांत ‘वाघोली’ या नावासह ओळखले जाते. आपल्या ढिगातले खडे मात्र क्रशरमध्ये जातात किंवा निनावी होऊन काचेच्या कपाटात बसतात. विहीर पुन्हा त्याच जागी खणली जात नाही. मालकाची परवानगी घेऊन, विहिरीत न उतरता, काठच्या ढिगातला एक खडा उचलला आणि त्याला नावगाव दिले, तरी त्या जमिनीखालची एक नोंद वाचते.